ऑस्ट्रेलियाचं ‘पेडे सुपर’ १ जुलैपासून: पगारपत्रकात नेमकं काय बदलायचं?

उस्मानपुरा_लेजर

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरहून मेलबर्नच्या एका बुककीपर बाईंसाठी पगारपत्रकांचं काम करायलो. दोन क्लायंट आहेत. एक कॅफे: नऊ जण, त्यातले सहा कॅज्युअल (पक्की नेमणूक नसलेले, तासांवरचे), पगार दर गुरुवारी. दुसरा प्लंबिंगचा धंदा: चार जण, पगार पंधरवड्याला. आजवर सुपर, म्हणजे मालकाने कामगाराच्या निवृत्ती फंडात भरायचे पैसे, तिमाहीला एकदाच जायचं, तिमाहीनंतरच्या महिन्याच्या २८ तारखेच्या आत, एटीओच्या (तिकडचं कर खातं) मोफत क्लिअरिंग हाऊसमधून (पैसे एकत्र घेऊन फंडाफंडांना वाटणारी सेवा). आता १ जुलै २०२६ पासून प्रत्येक पगारासोबत भरायचं आहे, आणि ते क्लिअरिंग हाऊसही बंद होणार.

अडलंय ते असं. गुरुवारी २ जुलैला निघणारा पगार जूनमधल्या कामाचा आहे, त्याला जुना नियम की नवा? सात दिवस कुठून मोजायचे, आणि पैसे पाठवले ती तारीख धरायची की पोचले ती? ओव्हरटाइम, शनिवारचा जादा दर, लीव्ह लोडिंग (रजेच्या पगारावरची जादा रक्कम) यातल्या कशाकशावर १२ टक्के लावायचे? उशीर झाला तर किती अंगावर येतं? आणि प्लंबरने कामगाराला दिलेली डबल कॅब यूट (मागे माल ठेवायची जागा असलेली गाडी) रात्री घरी जाते, त्यावर एफबीटी (कामगाराला दिलेल्या सोयींवरचा कर) बसतो का?

तारखांचा_हिशेब

आधी तारखा घेऊ, बाकीचं त्यावरच उभं आहे.

काम कधी झालं हे बघायचं नाही, पगार कधी दिला ते बघायचं. २ जुलैला पैसे दिले म्हणजे नवा नियम, मग काम सगळंच्या सगळं जूनमधलं असलं तरी. २५ जूनचा पगार मात्र जुन्या नियमात, म्हणजे एप्रिल-जून तिमाहीत. तिची शेवटची तारीख २८ जुलै २०२६ हीच आहे.

सात दिवस म्हणजे कामकाजाचे सात दिवस, पगाराच्या दुसऱ्या दिवसापासून. २ जुलैचा पगार असेल तर ३, ६, ७, ८, ९, १० आणि १३. म्हणजे सोमवार १३ जुलैपर्यंत पैसे फंडात पोचलेले हवेत, नुसते तुमच्या बाजूने निघालेले चालत नाहीत. गोची होते ती इथेच. क्लायंटच्या खात्यातून डायरेक्ट डेबिट होणार, पैसे क्लिअरिंग हाऊसकडे जाणार, तिथे पक्के झाल्यावर पुढे फंडाकडे निघणार. या साखळीत तीन-चार दिवस सहज जातात. म्हणून पगाराच्या दिवशीच सुपरची बॅच मंजूर करून टाका. ‘सहाव्या दिवशी करू’ म्हणाल तर हुकलंच समजा.

सुट्ट्या तिकडच्या धरायच्या, आपल्या नाही. १० सप्टेंबरचा पगार घ्या. त्याचे सात दिवस ११, १४, १५, १६, १७, १८ आणि २१. यातली १४ तारीख आपली गणेश चतुर्थी आणि १७ मुक्तिसंग्राम दिन. ऑफिस दोन्ही दिवस बंद, घड्याळ मात्र चालूच. त्या आठवड्याची बॅच १० तारखेलाच गेलेली बरी. वेळेचंही बघा: मेलबर्नचे दुपारचे चार म्हणजे आपले साडेअकरा, आणि ४ ऑक्टोबरला तिकडे घड्याळं पुढे सरकली की साडेदहा. बँकेची त्या दिवसाची वेळ आपला दुसरा चहा यायच्या आत संपते.

नव्या माणसाला फंडात पहिल्यांदाच पैसे जात असतील तर २० कामकाजाचे दिवस मिळतात. जुन्या माणसाने फंड बदलला तरी नव्या फंडातल्या पहिल्या भरण्याला तीच सवलत. मधेच वेगळा बोनस काढला तर त्याची मुदत पुढच्या नेहमीच्या पगाराबरोबर धरायची.

आता जुलैतली रोकड. कॅफेचा सुपरपात्र पगार आठवड्याला ८,००० डॉलर धरला तर सुपर ९६०. एप्रिल-जूनचे १३ आठवडे म्हणजे १२,४८०, मुदत २८ जुलै. त्याच सुमारास २, ९ आणि १६ जुलैच्या पगारांचं सुपर अनुक्रमे १३, २० आणि २७ जुलैपर्यंत पोचवायचं, ते २,८८०. महिन्याभरात १५,३६० डॉलर, आणि जून तिमाहीचं बीएएसही (जीएसटी वगैरेचं पत्रक) २८ जुलैलाच. मालकाला हे आताच सांगून ठेवा.

उपाय सरळ आहे. कॅफेचा जूनमधला शेवटचा पगार २५ तारखेला निघतो, म्हणजे तिमाही तिथेच पुरी होते. २६ जूनला सगळ्या तिमाहीचं सुपर एटीओच्या क्लिअरिंग हाऊसमधून भरून टाका. ते ३० जून २०२६ पर्यंतच चालू आहे. तिथे पैसे स्वीकारले गेले की मालकाच्या दृष्टीने भरणा झाला, त्यामुळे २०२५-२६ची वजावटही पदरात पडते. व्यापारी क्लिअरिंग हाऊसमधून भरलं तर वजावटीसाठी ३० जूनपर्यंत पैसे फंडात पोचावे लागतात. आणि एटीओच्या क्लिअरिंग हाऊसमधले जुने भरण्याचे अहवाल बंद व्हायच्या आत उतरवून घ्या.

प्लंबिंगवाल्याचा फोरमन पगार वळवून जास्तीचं सुपर भरत असेल तर एक गोष्ट तपासा. सवलतीच्या दराच्या भरण्याची मर्यादा २०२५-२६ला ३०,००० डॉलर आहे आणि ती फंडात पैसे पोचल्याच्या तारखेने मोजतात. गेल्या जून तिमाहीचं सुपर जुलै २०२५ मध्ये गेलेलं असेल आणि या वर्षीचं जूनमध्येच भरलं, तर त्याच्या नावावर एका वर्षात पाच तिमाह्या दिसतील. कॅफेतल्या पोरांना याचा काही धक्का नाही.

पगारघटक_ताई

कशावर १२ टक्के, त्याचं सांगते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पगारघटकाला ‘सुपर लागू’ अशी एक खूण असते. निम्म्या चुका त्या खुणेतच सापडतात, एकदा चुकीची पडली की वर्षानुवर्षं तशीच चालते.

मूळ पगार, कॅज्युअल लोडिंग (कॅज्युअलना मिळणारा जादा दर), शिफ्टचा भत्ता, कमिशन, कामगिरीचा बोनस, घेतलेली वार्षिक किंवा आजारपणाची रजा: सगळ्यावर लागू. नोटिसीऐवजी दिलेला पगार, त्यावरही लागू. नोकरी सोडताना शिल्लक रजेचे दिलेले पैसे मात्र बाहेर. मालकाने दिलेली बाळंतपणाची रजा बाहेर. बिल दाखवून परत मिळालेला खर्चही बाहेर.

कॅफेत जो हमखास चुकतो तो शनिवार-रविवारचा जादा दर. नाव पेनल्टी रेट, म्हणून लोक त्याला ओव्हरटाइमच्या रांगेत बसवतात आणि खूण काढून टाकतात. शनिवार त्या माणसाच्या नेहमीच्या तासांत येत असेल तर जादा दरासकट पूर्ण रकमेवर सुपर बसतं. ओव्हरटाइम म्हणजे ठरलेल्या तासांच्या वरचे तास, तेवढेच बाहेर.

लीव्ह लोडिंगचे १७.५ टक्के: ‘रजेमुळे बुडालेल्या ओव्हरटाइमची भरपाई’ म्हणून ते दिलंय असं अवॉर्डमध्ये (त्या धंद्यासाठी ठरलेल्या वेतन-अटी) किंवा करारात लिहिलेलं असेल तरच बाहेर. तसा कागद नसेल तर सुपर लावा.

१८ वर्षांखालचं पोर असेल तर ज्या आठवड्यात ३० तासांपेक्षा जास्त काम केलं त्याच आठवड्याचं सुपर. बाकीच्यांना महिन्याला ४५० डॉलरची जुनी अट १ जुलै २०२२ लाच गेली. अजून कुणाच्या सेटिंगमध्ये तो आकडा दिसला तर तो आधी काढा.

नव्या कायद्यात या सगळ्याला ‘क्वालिफाइंग अर्निंग्ज’ म्हणायचं. पगार वळवून सुपरमध्ये टाकलेली रक्कमही त्यात धरायची, म्हणजे वळवण्याच्या आधीच्या पगारावर १२ टक्के; आणि वळवलेले पैसे मालकाच्या १२ टक्क्यांत मोजायचे नाहीत. १ जुलैपासून एसटीपीमध्ये (पगाराची माहिती एटीओला ऑनलाइन कळवायची पद्धत) दर पगाराला ही रक्कम आणि देय सुपर, दोन्हींचे वर्षारंभापासूनचे आकडे पाठवावे लागतील. एटीओ ते फंडाकडून आलेल्या आकड्यांशी ताडून बघणार. म्हणून खूण चुकली तर आता ती लगेच उघडी पडते.

नांदेड_पेरोल

ताईंच्या ओव्हरटाइमच्या मुद्द्याला एक जोड. नेहमीचे तास करारात किंवा अवॉर्डमध्ये ठरलेलेच नसतील आणि प्रत्यक्ष कामाच्या पद्धतीवरूनही निघत नसतील, तर केलेले सगळे तास नेहमीचेच धरले जातात. मग सुपरमधून वगळायला ओव्हरटाइम असा उरतच नाही. सहा कॅज्युअलपैकी कुणाची नेमणूक कागदावर नसेल तर हे बघून घ्या.

उशिराचं गणित जुन्या आणि नव्या नियमात वेगळं आहे. सध्या नेटवर दोन्हींची सरमिसळ चाललीय, म्हणून आकड्यात मांडतो.

जून तिमाहीचं, म्हणजे जुनं. समजा एकाचा नेहमीच्या तासांचा पगार १५,००० आणि ओव्हरटाइम २,०००. वेळेत भरलं तर सुपर १,८००. २८ जुलै हुकली की पाया बदलतो, ओव्हरटाइमसकट १७,००० वर १२ टक्के म्हणजे २,०४०. त्यावर तिमाहीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला १० टक्के व्याज. २८ ऑगस्टला हुकलेल्या सुपरचं पत्रक एटीओकडे भरलं तर १५० दिवस, सुमारे ८४ डॉलर. शिवाय माणशी तिमाहीला २० डॉलर प्रशासन शुल्क. एकूण २,१४४ च्या आसपास, आणि त्याची आयकरात वजावट नाही. मालकाला खरा चटका या शेवटच्या गोष्टीचा बसतो. पत्रकच भरलं नाही तर वर २०० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. २९ जुलैला घाईने फंडात पैसे टाकले म्हणून पत्रक टळत नाही. ते पैसे देण्यातून वळते करून मागता येतात, पण मग त्यांचीही वजावट जाते.

१ जुलैनंतरच्या पगारांचं, म्हणजे नवं. पाया क्वालिफाइंग अर्निंग्जचाच राहतो, ओव्हरटाइम आत येत नाही. व्याज एटीओच्या सर्वसाधारण व्याजदराने, रोज चक्रवाढ. २० डॉलरच्या शुल्काऐवजी कमी पडलेली रक्कम अधिक व्याज यावर ६० टक्क्यांपर्यंत वाढीव आकार. आधीची नोंद स्वच्छ असेल आणि मालकाने स्वतःहून लवकर कळवलं तर तो कमी होतो. या रकमेची वजावट मात्र नव्या नियमात मिळते. आकारणी झाल्यावर २८ दिवसांत भरलं नाही तर २५ टक्के, पुन्हा तसंच झालं तर ५० टक्के दंड, आणि त्याला वजावट नाही.

हिशेब बघितला तर दोन दिवसांचा उशीर नव्या नियमात स्वस्त पडतो, दुर्लक्ष मात्र फार महाग. म्हणून हुकलंच तर आधी फंडात पैसे टाका आणि मग कळवा, लपवून काही साधत नाही. कंपनी असेल तर न भरलेलं सुपर संचालकाच्या वैयक्तिक डोक्यावरही येऊ शकतं.

उस्मानपुरा_लेजर

फार उपयोगी. अजून एक: पैसे फंडाने परत पाठवले तर सात दिवस परत पहिल्यापासून मोजायचे का? कॅफेत पोरं येतात-जातात, तपशील अर्धवटच असतात.

तारखांचा_हिशेब

नाही, परत मोजायचे नाहीत. फंडाला पैसे खात्याला लावायला किंवा परत पाठवायला पूर्वी २० कामकाजाचे दिवस होते, ते आता ३ झालेत. म्हणजे नकार लवकर कळेल, पण मुदत मालकाचीच जळते.

परत येतात ते ठरलेल्या कारणांनी. बंद झालेलं खातं. फंडांचं विलीनीकरण होऊन बदललेला यूएसआय (फंडाचा ओळख क्रमांक), तुमच्या याद्यांत मात्र जुनाच. सदस्य क्रमांकात एक आकडा इकडचा तिकडे. लग्नानंतर बदललेलं आडनाव. आणि स्वतःचा खासगी फंड असलेला कामगार असेल तर त्याचा ईएसए (फंडाला ऑनलाइन माहिती पोचवायचा पत्ता) नाही, किंवा बँक खातं चुकलेलं.

त्यामुळे जूनमध्येच प्रत्येकाच्या फंडाचा एबीएन (नोंदणी क्रमांक) आणि यूएसआय, शिवाय त्याचा सदस्य क्रमांक आणि टीएफएन (कर क्रमांक) समोरासमोर ताडून घ्या. तिमाहीत एकदा जाणारा भरणा परत आला तर दुरुस्तीला सवड असायची, आठवड्याच्या पगारात ती नाही.

नवीन पोराचा क्रम असा. पहिल्या दिवशी फंड निवडीचा फॉर्म आणि टीएफएन घोषणापत्र. फंड निवडला नाही तर एटीओच्या ऑनलाइन सेवेतून त्याचा ‘स्टेपल्ड’ फंड मागवायचा, म्हणजे आधीच्या नोकरीतून त्याच्याशी जोडलेला. ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून सक्तीची आहे. तोही नसेल तरच मालकाचा ठरलेला मायसुपर फंड. ही मागणी टीएफएन घोषणापत्र किंवा एसटीपीमधून नोकरीचं नातं एटीओच्या नोंदीत आल्यावरच स्वीकारली जाते. आधी केली की नाकारते आणि लोक म्हणतात साइट बंद आहे.

टीएफएन दिला नाही तर २८ दिवसांची सवलत संपल्यावर रहिवाशाच्या पगारातून ४७ टक्के कर कापावा लागतो. पोराला हे सांगितलं की टीएफएन त्याच संध्याकाळी येतो.

गाडी_आणि_लॅपटॉप

यूटचं राहिलं होतं. एफबीटीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. दर ४७ टक्के, आणि तो मालक भरतो, कामगार नाही.

डबल कॅब यूटला सूट मिळू शकते, पण ‘यूट आहे म्हणून सूट’ हा समज चुकीचा. खासगी वापर घर ते काम आणि त्यापलीकडे किरकोळ, क्वचित असा हवा. एटीओच्या मार्गदर्शनात सोयीच्या मर्यादा दिल्यात: घर-काम प्रवासात वाट वाकडी केली तर २ किलोमीटरपर्यंत, पूर्ण खासगी फेऱ्या वर्षाला मिळून १,००० किलोमीटरपर्यंत, आणि एकही खासगी येणं-जाणं २०० किलोमीटरच्या वर नको. दर रविवारी बोट ओढून समुद्रावर नेणारा कामगार यात बसत नाही. वर्षाच्या दोन्ही टोकांना ओडोमीटर लिहून घ्या आणि खासगी वापरावरची मर्यादा मालकाने लेखी दिलेली ठेवा.

सूट बसली नाही आणि ती गाडी साधी कार असती तर किती पडलं असतं ते बघा. किंमत ५०,००० धरा. वैधानिक पद्धतीने २० टक्के म्हणजे १०,०००. जीएसटीची वजावट घेतलेली असेल तर एफबीटीसाठी रक्कम वाढवायचा गुणक २.०८०२, झाले २०,८०२. त्याचे ४७ टक्के म्हणजे ९,७७७ डॉलर. कामगाराने करकपातीनंतरच्या पगारातून १०,००० भरले तर एफबीटी शून्य होतो, पण ते पैसे मालकाचं उत्पन्न ठरतात आणि त्यातला अकरावा हिस्सा, ९०९ डॉलर, जीएसटी म्हणून जातो. हा जीएसटी बीएएसमध्ये टाकायचा राहून जातो, तिकडच्या लेखापरीक्षणात पहिलं बोट तिथेच ठेवतात.

लाभाचं मूल्य २,००० डॉलरच्या वर गेलं तर १.८८६८ ने गुणून कामगाराच्या उत्पन्न विवरणात दाखवावं लागतं. त्यावर आयकर नाही, पण शिक्षणकर्जाचा हप्ता आणि कुटुंबाचे सरकारी लाभ त्या आकड्यावर ठरतात. कामगाराला आधी सांगितलं नाही तर जुलैत फोन येतो.

बाकीचं थोडक्यात. मुख्यतः कामासाठीचा लॅपटॉप किंवा फोन सुटतो. ३०० डॉलरच्या आतलं, कधीमधी दिलेलं गिफ्ट सुटतं. पूर्ण विजेवरची कार आलिशान गाड्यांच्या कराच्या मर्यादेखाली असेल तर सुटते. प्लग-इन हायब्रिडची सूट १ एप्रिल २०२५ पासून गेली, त्याआधीचा बांधील करार असेल तेवढी शिल्लक. एफबीटीचं पत्रक २१ मेपर्यंत, टॅक्स एजंटमार्फत ऑनलाइन असेल तर २५ जून. हे वर्ष सरलंय, आताचं ओडोमीटर पुढच्या पत्रकासाठी.

जालना_एमआयडीसी

विषयाला धरूनच विचारतो. आमच्याकडून एक इंजिनीअर मशीन बसवायला दोन वर्षं पर्थला जाणार, पगार आमच्याच कंपनीकडून. इकडे पीएफ चालू राहणार, मग तिकडे सुपरही भरायचं का? आणि उलटं: ऑस्ट्रेलियन कंपनीचं काम संभाजीनगरात बसून करणाऱ्यांना सुपर लागू होतं का?

नांदेड_पेरोल

दुसऱ्याचं आधी. ऑस्ट्रेलियाचा रहिवासी नसलेल्या माणसाने ऑस्ट्रेलियाबाहेर केलेल्या कामावर सुपर नाही. त्याला आपला पीएफ.

तुमच्या इंजिनीअरचं: भारत-ऑस्ट्रेलिया सामाजिक सुरक्षा करार १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ काढा, म्हणजे पाच वर्षांपर्यंत तिकडच्या सुपरमधून सूट मिळते आणि इकडचा पीएफ चालू राहतो. अर्ज ऑनलाइन, निघायच्या आधीच करा. यूएएन आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे, पाटील-पाटिल यातच अर्ज अडकतात. प्रमाणपत्राची प्रत त्याच्याजवळही हवी आणि तिकडच्या कार्यालयातही. ही सूट फक्त सुपरची आहे, पगारावरचा तिकडचा आयकर तिने सुटत नाही. आणि त्याने तुमची नोकरी सोडून पर्थमध्येच दुसरी धरली तर त्या दिवसापासून सूट संपली.

प्रमाणपत्राविना गेला आणि सुपर भरलं गेलं तर तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस देश सोडून व्हिसा संपल्यावर ते काढू शकतो, पण फंडात कर भरून झालेल्या भागातूनही पुन्हा ३५ टक्के कापतात. भारतीयांसाठी दरवर्षी सोडतीने निघणारा ४६२ नंबरचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा असेल तर ६५ टक्के. सहा महिने मागणी केली नाही तर फंड ते पैसे एटीओकडे पाठवतो. बुडत नाहीत, मागणी मग एटीओकडे करायची. अर्ज तिकडचा मोबाइल आणि बँक खातं चालू असताना भरून ठेवला तर ओळख पटवायला सोपं जातं.